राखीव जागेवरचा माणूस

एस. टी.च्या गाडीत चढल्यावर पुढल्या बाजूच्या एका बाकापाशी रंगवलेली लहानशी पाटी आपण सर्वांनी वाचलेली असते: 'आमदार-खासदार'. त्या जागेवर कोण बसते, हेही आपण पाहिलेले असते. कधी बाजाराची पिशवी मांडीवर घेतलेली म्हातारी, कधी परीक्षेला निघालेली पोरे, कधी माहेराहून बाळाला घेऊन परतणारी लेक. खरोखरचा आमदार तेथे बसलेला पाहिला, असे सांगणारा माणूस मिळणे कठीण. परंतु सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोला तालुक्यात जाऊन विचाराल, तर चाळिशीच्या पुढचा कोणीही माणूस हसेल आणि म्हणेल, "त्यात काय? आमचे आबा तर रोजच बसायचे!"

हे आबा म्हणजे गणपतराव देशमुख. एकाच मतदारसंघातून, एकाच पक्षातर्फे, ते अकरा वेळा विधानसभेवर निवडून आले. महाराष्ट्रात दुसऱ्या कोणाला हे साधलेले नाही. परंतु आकड्याचे कौतुक करण्यासाठी मी ही लेखणी उचललेली नाही. मी मास्तर माणूस. एकदा नागरिकशास्त्राच्या तासाला मी वर्गाला विचारले, "आमदार काय करतो रे?" एक म्हणाला, "लग्नाला येतो." दुसरा म्हणाला, "नारळ फोडतो." मागच्या बाकावरून उत्तर आले, "वाढदिवसाच्या फलकावर असतो, गुरुजी." वर्ग हसला, मीही हसलो. पण घरी येताना तो प्रश्न माझ्याच मागे लागला. पुस्तकात सभासदांची संख्या २८८ आहे, मुदत पाच वर्षांची आहे, वयाची अट आहे. मात्र आमदार सकाळी उठून नेमके काय करतो, आणि त्याच्या करण्याने गावच्या विहिरीला पाणी येते की नाही, हे पुस्तकात नाही. त्या मुलांना द्यावयाचे राहून गेलेले उत्तर आज दिवाळीच्या फराळाबरोबर वाचकांपुढे ठेवीत आहे.

सांगोल्याचे नाव इतिहासाच्या विद्यार्थ्याला एका वेगळ्याच कारणाने ठाऊक असते. १७४९ च्या डिसेंबरात शाहू छत्रपती वारले आणि ताराबाईंनी पुढे केलेले रामराजे साताऱ्याच्या गादीवर आले. प्रतिनिधींच्या पक्षाचा यमाजी शिवदेव सांगोल्याचा किल्ला अडवून बसला होता. त्याचे पारिपत्य करण्यास सदाशिवरावभाऊ रामराजांना बरोबर घेऊन तेथे गेले आणि त्या मुक्कामी १७५० मध्ये एक करार झाला. छत्रपतींनी साताऱ्यास राहावे आणि राज्याचा कारभार पेशव्यांनी पाहावा, असा त्याचा मथितार्थ. म्हणजे मराठी राज्याची सत्ता धन्याच्या हातून कारभाऱ्याच्या हाती गेली ती या गावात. त्या करारात सांगोल्याच्या कुणब्याला, धनगराला, महारामांगाला कोणी काही विचारले नव्हते. विचारण्याची रीतच नव्हती. त्यांच्या घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या राज्य बदलल्याची वार्ता येई, ती सारा मागावयास येणारा माणूस बदलला म्हणजे.

सारा तरी द्यायचा कशातून? सह्याद्री ओलांडताना ढग रिते होतात आणि पूर्वेकडे उतरतात ते नुसतेच पांढरे. माणदेशाचा हा मुलूख असा पर्जन्यछायेत बसलेला. वर्षाकाठी पाऊस वीस इंचांच्या आतबाहेर, तोही लहरी. माण नदी नावाची नदी. पावसाळ्यात चार दिवस वाहावयाची आणि एरवी वाळूचा पट्टा. ज्वारी-बाजरी, मेंढरे आणि उन्हाळ्यात पोट भरण्यासाठी गाव सोडून जाणे, हा येथला परंपरेचा संसार. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' ज्यांनी वाचली आहे, त्यांना शेजारच्या आटपाडी भागातल्या या माळरानाची ओळख आहे. त्या कादंबरीचा नायकही मास्तरच, हे मला नेहमी बरे वाटत आले आहे.

१८७६ ते १८७८ चा मोठा दुष्काळ या बाजूने फार पाहिला. सरकारने रस्त्यांची आणि तलावांची कामे काढली, आणि भुकेल्या माणसांना खडी फोडावयास बसवले. १८७७ मध्ये मजुरीचे माप दिवसाला पौंडभर धान्याच्या हिशेबावर आणले गेले, तेव्हा पुण्याच्या सार्वजनिक सभेने सरकारकडे अर्जांमागून अर्ज धाडले. त्या अर्जांत विनंती होती, दयेची याचना होती. कारण दुष्काळात काम देणे ही सरकारची मेहेरबानी होती, रयतेचा हक्क नव्हता. दया आणि हक्क या दोन शब्दांत जे अंतर आहे, ते तोडावयास पुढची शंभर वर्षे लागली. या कथेतला आमदार त्या प्रवासाच्या शेवटल्या मजलांवर आपल्याला भेटतो.

गणपतरावांचा जन्म १० ऑगस्ट १९२६ चा. मूळ गाव मोहोळ तालुक्यातले पेनूर. शिक्षणासाठी ते पुण्यास गेले, वकिलीची परीक्षा दिली. तो काळच असा होता की, पुण्यात शिकणाऱ्या खेड्यातल्या पोराच्या कानावर केशवराव जेधे आणि शंकरराव मोरे ही नावे आदळल्यावाचून राहत नसत. स्वराज्य आले, पण ते शेठजीभटजींच्या ओसरीवरच थांबले, कुळाच्या झोपडीपर्यंत पोचलेच नाही, असे म्हणणाऱ्या या मंडळींनी काँग्रेसमधून बाहेर पडून शेतकरी कामगार पक्ष काढला. मालेगाव तालुक्यातल्या दाभाडी गावी १९५० मध्ये पक्षाने आपला प्रबंध मंजूर केला. 'दाभाडी प्रबंध' हे नाव जुन्या कार्यकर्त्यांच्या तोंडी एखाद्या पोथीसारखे असे.

गणपतराव सांगोल्यास आले आणि वकिली करू लागले. तालुक्याच्या कोर्टात येणारा पक्षकार म्हणजे कुळकायद्याचा, बांधाचा, सावकाराच्या कागदाचा तंटा घेऊन आलेला शेतकरी. तालुका समजून घ्यावयाचा तर कोर्टाच्या पायरीइतकी चांगली शाळा नाही. पण गंमत पाहा, गणपतराव ज्या पक्षात रुजत होते, त्या पक्षाचे संस्थापकच पाच-सात वर्षांत त्यातून बाहेर पडू लागले. जेधे, मोरे काँग्रेसमध्ये परतले. पुढे यशवंतराव मोहिते गेले. यशवंतराव चव्हाणांच्या त्या धोरणाला लोकांनी 'बेरजेचे राजकारण' असे गोड नाव दिले होते. विरोधकाला हरवावयाचे नाही, त्याला आपल्यात मिळवावयाचे! या बेरजेत पुष्कळ थोर माणसे मिसळून गेली. बेरीज वाढली, पण समोरची ओळ मात्र रिकामी पडत चालली. त्या रिकाम्या ओळीत जे थोडे उरले, त्यांत उद्धवराव पाटील, कृष्णराव धुळप, एन. डी. पाटील आणि सांगोल्याचे हे तरुण वकील होते.

१ मे १९६० रोजी संयुक्त महाराष्ट्र झाला आणि १९६२ साली नव्या राज्याच्या विधानसभेची पहिली निवडणूक झाली. जागा २६४. काँग्रेसने २१५ जिंकल्या. शेतकरी कामगार पक्षाच्या वाट्याला १५ आल्या आणि तरीही तोच विरोधकांतला सर्वांत मोठा पक्ष ठरला. त्या पंधरांत पस्तीस वर्षांचे गणपतराव देशमुख होते.

आता माझ्या वर्गातल्या पोरांचा प्रश्न येतो. पंधरा माणसे दोनशे पंधरांसमोर बसून करणार तरी काय? मतदान झाले की हार ठरलेली. कायदा आपला होणार नाही, अंदाजपत्रक आपले नाही, मंत्री आपला नाही. पण सभागृहाच्या नियमांत दुबळ्याच्या हाती दिलेली काही हत्यारे असतात. तारांकित प्रश्न विचारला की मंत्र्याला उभे राहून तोंडी उत्तर द्यावे लागते आणि ते छापले जाते. लक्षवेधी सूचना आली की त्या खात्याची फाईल सचिवाच्या टेबलावरून हलते. कपात सूचना म्हणजे एखाद्या खात्याच्या खर्चातून रक्कम कमी करा असे म्हणावयाचे. कमी होत नाही हे सर्वांना ठाऊक असते, पण त्या निमित्ताने खात्याची लक्तरे वेशीवर टांगता येतात. ही हत्यारे चालवावयाची तर आमदाराला अंदाजपत्रकाची जाडजूड पुस्तके वाचावी लागतात, कोणत्या तलावासाठी किती तरतूद होती आणि किती खर्चली हे पाठ असावे लागते, आणि मुख्य म्हणजे सभागृहात बसावे लागते. गणपतराव बसत. काळ्या घोड्याजवळच्या जुन्या कौन्सिल हॉलमध्ये ते बसले, १९८१ पासून नरिमन पॉइंटच्या नव्या विधान भवनात बसले, नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात बसले. आणि अधिवेशन संपले म्हणजे एस. टी.त बसून सांगोल्यास येत.

१९६७ साली ते पुन्हा आले. त्या वेळी पक्षाचे १९ सभासद होते, २७० पैकी. मग १९७२ उजाडले.

त्या वर्षी मार्चमध्ये निवडणुका झाल्या. बांगला देशच्या विजयानंतरचे ते दिवस. इंदिरा गांधींच्या लाटेत काँग्रेसने २२२ जागा जिंकल्या आणि शेतकरी कामगार पक्ष सातांवर आला. सांगोल्यात काँग्रेसच्या काकासाहेब साळुंखे-पाटलांनी गणपतरावांना पाडले. आणि त्याच वर्षी पाऊसही पडला नाही. आधीची दोन वर्षे ओढगस्तीची गेलेली, त्यात हे तिसरे. आज साठीच्या पुढे असलेल्या वाचकांना ते दिवस सांगावयास नकोत. रेशनवर आलेला अमेरिकेचा तांबडा मिलो, कामावर मिळणारी सुकडी, खडीच्या ढिगाशेजारी झोळीत टांगलेली पोरे, चारा-छावणीत सोडलेली बैलजोडी. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यात दुष्काळी कामांवर जवळजवळ ५० लाख माणसे होती. घरंदाज पाटलीण आणि तिच्या शेतावर राबणारी बाई एकाच ओळीत बसून दगड फोडीत होत्या. माणसे कामाला जुंपली गेली तीही अशी की, ते काम मागण्याचा हक्क आपणांस आहे की नाही, हे त्यांना ठाऊक नव्हते. डाव्या पक्षांचे मोर्चे निघत होते: कामे काढा, मजुरी वाढवा, हप्ता वेळेवर द्या.

याच दुष्काळातून महाराष्ट्राने एक असे काम केले की ज्याचा अभिमान प्रत्येक मराठी घराने बाळगावा. सांगोल्यापासून फार दूर नसलेल्या तासगाव तालुक्यातील विसापूर गावी, विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ च्या सुमारास एक प्रयोग करून पाहिला होता. गावात जो हात काम मागेल त्याला काम द्यावयाचे. पागे हे काँग्रेसचे, संतवाङ्मयाचे अभ्यासक. दुष्काळात त्या प्रयोगाचे महत्त्व सर्वांना पटले, मुख्यमंत्री वसंतराव नाईकांनी ते उचलून धरले आणि रोजगार हमी योजना राज्यभर गेली. पैसा कोठून आणावयाचा? १९७५ मध्ये व्यवसाय कराचा कायदा झाला. नोकरदाराच्या पगारातून दरमहा जी लहानशी रक्कम कापली जाऊ लागली, तिच्याकडे आपण कपाळाला आठ्या घालून पाहतो. पण मुंबईच्या कारकुनाच्या पगारातून निघालेल्या त्या रुपयाने माणदेशातल्या बाईच्या चुलीवर भाकरी भाजली गेली आहे, हे एवढ्यासाठी सांगतो की, पुढल्या वेळी ती वजावट पाहताना आठी थोडी कमी पडावी.

या योजनेचे श्रेय गणपतरावांचे आहे असे मी म्हणणार नाही. ते पाग्यांचे आहे. पण योजना ही सरकारची इच्छा असते, तर कायदा हा माणसाचा हक्क असतो. इच्छा फिरली की योजना जाते. दोन वर्षांनी, १९७४ च्या पोटनिवडणुकीत, गणपतराव पुन्हा सभागृहात आले होते. १९७७-७८ च्या काळात तर ते विधानसभेतले विरोधी पक्षनेते होते. १९७७ मध्ये रोजगार हमीचे विधेयक दोन्ही सभागृहांनी एकमताने मंजूर केले आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो कायदा अमलात आला. काम मागणे हा हक्क झाला. काम न मिळाल्यास भत्ता मागता येऊ लागला. १८७७ च्या त्या अर्जांना शंभर वर्षांनी उत्तर मिळाले. पुढे २००५ साली दिल्लीने सबंध देशासाठी असा कायदा केला, त्याचे मूळ या आपल्या कायद्यात आहे. सत्ताधाऱ्याने कल्पना मांडावी, विरोधकाने ती हक्काच्या पायरीपर्यंत ढकलावी आणि मतदानाच्या वेळी दोघांनी एक व्हावे, असा दिवस कोणत्याही विधानसभेच्या चरित्रात फार वेळा येत नाही.

दरम्यान राजकारणाने कूस पालटली होती. १९७८ मध्ये शरद पवारांनी पुरोगामी लोकशाही दलाचे सरकार बनवले आणि आयुष्यभर समोरच्या बाकावर बसलेले गणपतराव व एन. डी. पाटील मंत्री झाले. १९८० च्या फेब्रुवारीत ते सरकार बरखास्त झाले. मग १९९९ मध्ये विलासराव देशमुखांच्या मंत्रिमंडळात गणपतराव पुन्हा मंत्री झाले. २००२ मध्ये पक्षाने पाठिंबा काढून घेतला तेव्हा तेही पद गेले. पन्नासएक वर्षांच्या आमदारकीत मंत्रिपद असे चार-पाच वर्षांचे. बाकीचा सारा काळ विरोधात.

टीका करणारा येथे विचारील, आणि विचारावेच: जन्मभर काँग्रेसशी झुंजला तो काँग्रेसच्याच मंत्रिमंडळात कसा बसला? या प्रश्नाचे सोपे उत्तर माझ्यापाशी नाही. शेतकरी कामगार पक्षाला जातीय शक्तींचे भय काँग्रेसहून अधिक वाटले, हे एक उत्तर. लहान पक्षाला केव्हातरी कुणाच्या तरी सावलीला उभे राहावेच लागते, हे दुसरे. वाचकाने आपल्या बुद्धीने निवड करावी. एवढे मात्र खरे की, सावलीला उभे राहिल्यावर पुष्कळजण त्या झाडाचीच फांदी होऊन जातात, तसे येथे झाले नाही.

विरोधातल्या आमदाराने तालुक्यासाठी करावयाचे तरी काय, याचे उत्तर गणपतरावांनी सहकारात शोधले. सांगोल्याची शेतकरी सहकारी सूतगिरणी त्यांनी उभी केली. दुष्काळी तालुक्यात शेतमजुराच्या पोराला बारमाही पगार देणारे दुसरे काय असू शकते? पिण्याच्या पाण्यासाठी शिरभावीची प्रादेशिक योजना आली आणि ८१ गावांत नळाने पाणी पोचू लागले. अशा प्रादेशिक योजना महाराष्ट्रात पुष्कळ झाल्या, आणि वीजबिल थकले म्हणून बंदही पुष्कळ पडल्या. ही चालली, म्हणून तिचे नाव घेतले जाते. नळ बसवणे हे सरकारचे काम, पण पाणीपट्टी वेळेवर भरावयास गावाला लावणे, हे त्या गावचा ज्याच्यावर विश्वास आहे अशा माणसाचे काम.

आणि मग डाळिंब. १९९० च्या सुमारास रोजगार हमीशी फळबाग लागवड जोडली गेली. आपल्याच रानात खड्डे खणावयाचे, रोपे लावावयाची, आणि त्याची मजुरी सरकारने द्यावयाची. खडी फोडणाऱ्या हातांना स्वतःची बाग मिळू लागली. सांगोल्याच्या हलक्या, मुरमाड जमिनीत, थोडक्या पाण्यावर, ठिबकाच्या नळीने डाळिंब आले आणि बोरही आले. ज्या जमिनीला 'खडकाळ' म्हणून नाक मुरडले जाई, तीच डाळिंबाला मानवली. २८ डिसेंबर २०२० रोजी देशातली शंभरावी किसान रेल्वे सुटली ती सांगोला स्थानकातून, बंगालमधल्या शालिमारकडे, फळे-भाजीपाला घेऊन. १९७२ मध्ये परदेशी मिलोवर जगलेल्या तालुक्याने अर्ध्या शतकात दुसऱ्याला खाऊ घालावयास गाडी भरली. यात अनेकांचा घाम आहे. शेतकऱ्याचा सर्वांत जास्त. पुढे त्याच बागांवर तेल्या आला, खोडकिडा आला आणि कित्येकांना हिरवी झाडे उपटून टाकावी लागली, हेही सांगितले पाहिजे. शेतीच्या गोष्टीला 'आणि ते सुखाने नांदू लागले' असा शेवट नसतो.

राहता राहिले पाणी. पहिल्या निवडणुकीपासून शेवटच्या निवडणुकीपर्यंत सांगोल्याच्या प्रत्येक सभेत बोलला गेलेला एकच शब्द कोणता, तर पाणी. जिल्ह्यात उजनीसारखे अवाढव्य धरण झाले, पण पाणी आपणहून चढणीला लागत नाही. नीरेचा कालवा आला, तर सांगोला त्याच्या शेपटाला. वरच्यांचे उसाचे मळे भिजून उरेल ते खाली. आणि कृष्णेचे पाणी तर डोंगरापलीकडे. कृष्णा लवादाने १९७६ मध्ये महाराष्ट्राच्या वाट्याला ५६० अब्ज घनफूट पाणी दिले. पण कागदावरचे पाणी जमिनीवर आणावयास धरणे हवीत, आणि माणदेशात आणावयाचे तर उपसून वर चढवावयास हवे. मे २००० नंतर या वाटपाचा फेरविचार व्हावयाचा होता, म्हणून १९९६ मध्ये कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन झाले. कऱ्हाड तालुक्यातल्या टेंभू गावापासून कृष्णेचे पाणी टप्प्याटप्प्याने उचलून दुष्काळी तालुक्यांत न्यावयाची योजनाही त्याच काळात मार्गी लागली. दुसरीकडे म्हैसाळची योजना होती.

योजना मंजूर होणे आणि पाणी येणे यांत एक पिढी मोठी होते. ती पिढी झोपी जाऊ नये म्हणून १९९३ पासून आटपाडीस दुष्काळी तालुक्यांची पाणी परिषद भरू लागली. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी, डॉ. भारत पाटणकर आणि गणपतराव देशमुख हे तिचे आधार. तेरा तालुक्यांतले शेतकरी दरवर्षी जमत. त्यांची मागणी नुसती पाण्याची नव्हती. समान वाटपाची होती. ज्याला रान जास्त त्याला पाणी जास्त असे नव्हे, तर प्रत्येक कुटुंबाला पाणी. ही मागणी आजही पुरी झालेली नाही. पण टेंभूचे पाणी जेव्हा माणच्या कोरड्या पात्रात उतरले, तेव्हा बायकांनी ओटी भरून त्याची पूजा केली तर त्यात नवल काय?

इतके करूनही १९९५ साली गणपतराव पडले. शहाजीबापू पाटलांनी त्यांना हरवले, अवघ्या १९२ मतांनी. वय अडुसष्ट. दुसरा कोणी असता तर निवृत्तीचे सत्कार स्वीकारीत घरी बसता. ते पुन्हा गावोगाव हिंडू लागले आणि १९९९, २००४, २००९, २०१४ असे ओळीने निवडून आले. शेवटच्या विजयाच्या वेळी वय अठ्ठ्याऐंशी होते.

या काळात त्यांच्या पक्षाचे काय झाले, ते पाहिले म्हणजे मन विषण्ण होते. १९६२ ला १५, १९६७ ला १९, १९७८ ला १३, १९९० ला ८, १९९९ ला ५, २००४ ला २, २०१४ ला ३. गावे तीच, शेतकरी तोच, पण लाल बावटा एकेका जिल्ह्यातून उतरत गेला आणि सांगोला-रायगडसारख्या थोड्या ठिकाणी फडकत राहिला. तेव्हा सांगोल्याचे मतदार पक्षाला मत देत होते की आबांना? आणि आबांना देत असतील, तर जेधे-मोऱ्यांनी ज्या विचारासाठी घर सोडले, त्या विचाराचे काय? एका माणसाच्या चांगुलपणावर तगलेला पक्ष त्या माणसाबरोबरच म्हातारा होतो. पन्नास वर्षांत आपल्यामागे पाच-दहा तालुक्यांत आपल्यासारखी माणसे उभी करता आली नाहीत, हा ठपका गणपतरावांच्या चरित्रावर राहतोच. तो एकट्या त्यांचा नव्हे, पण त्यांचाही आहे.

२०१९ साली त्यांनी निवडणूक लढवली नाही. नातू उभा राहिला आणि ७६८ मतांनी पडला. जिंकले ते शहाजीबापू पाटीलच. ३० जुलै २०२१ रोजी सोलापुरात गणपतरावांचे निधन झाले. २०२४ च्या निवडणुकीत दुसरे नातू, डॉ. बाबासाहेब देशमुख, सांगोल्यातून निवडून आले, त्याच पक्षातर्फे. सबंध महाराष्ट्रात त्या पक्षाचा तेवढा एकच सभासद. घराण्याने गादी राखली असे कोणी म्हणेल, कोणी म्हणेल तालुक्याने ऋण फेडले. मला मात्र १९९५ चे ते १९२ आणि २०१९ चे ७६८ हे आकडे अधिक बोलके वाटतात. ज्याला आबा म्हणावयाचे, ज्याच्यासाठी डोळ्यांत पाणी आणावयाचे, त्यालाही घरी बसवण्याचा अधिकार सांगोल्याने आपल्यापाशी ठेवला आणि दोनदा वापरला. १७५० मध्ये त्याच गावी सत्ता कोणाच्या हाती द्यावयाची हे ठरले, तेव्हा किल्ल्याच्या दाराशी मेंढरे राखणाऱ्याला कोणी विचारले नव्हते. आता त्याच्या नातवाच्या पणतवाच्या एका मतासाठी उमेदवार वस्तीवर येऊन घोंगडीवर बसतो. हा बदल कोणा एका आमदाराने केलेला नाही. पण गणपतरावांसारखी माणसे निवडणूक संपल्यावरही त्या घोंगडीवर येऊन बसत राहिली, म्हणून तो बदल लोकांना खरा वाटला.

सुट्टी संपून शाळा उघडली की माझ्या वर्गातल्या पोरांना मी एवढेच सांगणार आहे: आमदार म्हणजे तुमच्या वतीने प्रश्न विचारणारा माणूस. उत्तर मिळेपर्यंत त्याने विचारीत राहावे. आणि तो विचारीत नसेल, तर तुम्ही त्याला विचारावे. मग त्यांतला एखादा वात्रट नक्की म्हणेल, "पण गुरुजी, तो भेटणार कुठे?" त्याला मी एस. टी.तली ती पाटी दाखवीन. जागा अजून राखीव आहे.